बॉम्बर स्क्वॉड्रन चालते कशी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई दलात आर्मामेंटमध्ये, म्हणजे विमानांवर बॉम्ब आणि रॉकेट चढवणाऱ्या ट्रेडमध्ये, माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर जळगावला घर केलं. चोपडा, शिरपूर, शहादा, अमळनेर, भुसावळ, साक्री अशा गावांहून भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, त्यांचे पालक आणि काही शिक्षक प्रश्न पाठवत असतात. बहुतेकांना विमानाचा वेग आणि बॉम्बचं वजन हवं असतं. त्या विमानामागे माणसं कशी उभी असतात, कोण कोणाला हुकूम देतं, विमान तयार कोण करतं, हे विचारणारे थोडे. माझ्या मते बॉम्बर युनिटची ताकद तिथेच असते, म्हणून उत्तरं त्या अंगाने दिली आहेत. एकच गोष्ट दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॉम्बर युनिट म्हणजे नेमकं काय? फायटर स्क्वॉड्रनपेक्षा वेगळं कसं?

स्क्वॉड्रन म्हणजे हवाई दलातली, स्वतःचा क्रमांक असलेली विमानांची तुकडी. बॉम्बरचं काम जमिनीवरचं किंवा समुद्रावरचं लक्ष्य उद्ध्वस्त करणं: धावपट्टी, पूल, तेलाचे साठे, कारखाने, जहाजं. त्यासाठी तो लांब पल्ल्याचा असतो, भरपूर वजन वाहतो आणि हवेत कसरती करण्यासाठी बनवलेला नसतो. फायटरचं मूळ काम शत्रूच्या विमानाला अडवणं. आज ही रेघ पुसट झाली आहे, कारण बहुतेक फायटर दोन्ही कामं करतात.

युनिटच्या दृष्टीने फरक असा की बॉम्बरचं उड्डाण लांब चालतं, क्रू मोठा असू शकतो, शस्त्रं जड असतात आणि एका मोहिमेची तयारी फार आधीपासून करावी लागते. त्यामुळे बॉम्बरच्या तळावर शस्त्रसाठा, दुरुस्ती आणि मोहिमेचं नियोजन यांचा पसारा मोठा असतो.

२. भाऊ, आपलाकडे बॉम्बर शेतस का?

नाहीत. निव्वळ बॉम्बर म्हणावं असं एकही विमान आज भारतीय हवाई दलाकडे नाही. लांब पल्ल्याचे खरे बॉम्बर सध्या फक्त तीन देश बाळगतात: अमेरिका, रशिया आणि चीन. ब्रिटनने व्हल्कन १९८४ मध्ये निवृत्त केलं, त्यानंतर त्यांच्याकडेही वेगळा बॉम्बर राहिला नाही.

आपल्याकडे हे काम वेगवेगळ्या स्क्वॉड्रनमध्ये वाटलेलं आहे. शत्रूच्या हद्दीत खोलवर, जमिनीलगत उडत जाऊन हल्ला करण्यासाठी जग्वारच्या सहा स्क्वॉड्रन आहेत, अंबाला, गोरखपूर आणि जामनगर इथे. जगात जग्वार उडवणारा भारत हा आता एकटाच देश उरला आहे. मिराज-२००० ग्वाल्हेरला असतात. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटवर गेली ती हीच. सुखोई-३० एमकेआय लांब पल्ल्याची, दोन आसनांची आणि जड शस्त्र पेलणारी. तमिळनाडूत तंजावूरची २२२ क्रमांकाची स्क्वॉड्रन सुखोईवरून ब्राह्मोस क्षेपणास्त्र डागण्यासाठी २०२० मध्ये उभी केली. ब्राह्मोसचं वजन सुमारे अडीच टन, त्यामुळे एका विमानाच्या पोटाखाली ते एकच बसतं. बॉम्बरचं काम आज आपल्याकडे सगळ्यात जवळून कोण करतं असं कोणी विचारलं तर मी याच स्क्वॉड्रनकडे बोट दाखवीन.

३. मग पूर्वी तरी होते का?

होते, आणि तो इतिहास आपल्या मुलांना माहीत असायला हवा.

सुरुवात १९४८ मध्ये कानपूरला झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन बनावटीची लिबरेटर विमानं तिथे मोडीत टाकून दिली होती. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यातली विमानं दुरुस्त करून उडती केली आणि त्यांच्यावर ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली. हवाई दलाची पहिली जड बॉम्बर स्क्वॉड्रन अशी, टाकून दिलेल्या विमानांवर उभी राहिली. जमिनीवरच्या माणसांनी हवाई दलाला काय दिलं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

१९५७ मध्ये ब्रिटिश बनावटीची कॅनबेरा जेट बॉम्बर आली. ५, १६ आणि ३५ या तिच्या बॉम्बर स्क्वॉड्रन, टेहळणीसाठी १०६, आणि नव्या क्रूला तयार करण्यासाठी आग्र्याला वेगळं प्रशिक्षण युनिट. म्हणजे लढणारी, बघणारी आणि शिकवणारी अशी तिन्ही अंगं त्या रचनेत होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून बारा कॅनबेरा विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली निघाल्या आणि त्यांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावायचा नाही अशी सूचना होती आणि ती पाळली गेली. त्याच सुमारास ५ स्क्वॉड्रनची काही विमानं संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी काँगोत होती. १९६५ आणि १९७१ मध्ये रात्रीच्या हल्ल्यांचा भार कॅनबेरावर होता. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, टेहळणीला गेलेल्या एका कॅनबेराला क्षेपणास्त्र लागलं, तरी क्रूने विमान परत आणलं. शेवटच्या कॅनबेरा आग्र्याला मे २००७ मध्ये निवृत्त झाल्या. पन्नास वर्षं सेवा.

५ आणि १६ या दोन्ही स्क्वॉड्रन पुढे जग्वारवर गेल्या. विमान बदललं, काम तेच राहिलं.

४. एका स्क्वॉड्रनमध्ये किती विमानं असतात?

आपल्याकडे लढाऊ स्क्वॉड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं धरतात, त्यात दोन-चार प्रशिक्षणाची. अमेरिकेत जड बॉम्बरच्या स्क्वॉड्रनमध्ये यापेक्षा कमी असतात. कागदावरची सगळी विमानं एकाच वेळी उडण्याजोगी कधीच नसतात. काही दुरुस्तीत, काही सुट्या भागांची वाट बघत, काही मोठ्या तपासणीसाठी डेपोत गेलेली. म्हणून स्क्वॉड्रनची खरी कसोटी आज सकाळी किती विमानं उडायला तयार आहेत यावर लागते. बातम्यांमधले आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

५. स्क्वॉड्रनच्या आत काम कसं वाटलेलं असतं? पायलट सोडून बाकीचे काय करतात?

हा प्रश्न कमी येतो, पण उत्तर सगळ्यात लांब याचंच आहे.

स्क्वॉड्रनचा प्रमुख कमांडिंग ऑफिसर, सगळे त्याला सीओ म्हणतात. त्याच्या हाताखाली फ्लाइट कमांडर. स्क्वॉड्रन ‘फ्लाइट’ नावाच्या छोट्या गटांमध्ये विभागलेली असते आणि रोजचा उड्डाणाचा कार्यक्रम, नव्या पायलटांची तयारी, कोण कोणाबरोबर उडणार हे फ्लाइट कमांडर बघतात. दुसरा खांब अभियांत्रिकीचा. त्याचा प्रमुख सीनियर इंजिनिअरिंग ऑफिसर. त्याच्याकडे इंजिन आणि सांगाडा बघणारे, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स बघणारे आणि आर्मामेंटवाले असे सेक्शन असतात. पायलटांपेक्षा या माणसांची संख्या कितीतरी पट असते. शिवाय ऑफिसचं काम, सुरक्षेची साधनं, पॅराशूट आणि मोहिमेची माहिती सांभाळणारे वेगळे.

दुरुस्तीचेही थर असतात. रोजची तपासणी आणि छोटी दुरुस्ती स्क्वॉड्रनमध्ये होते, त्यापुढची तळावर, आणि विमान पूर्ण उघडून पुन्हा बांधायचं काम बेस रिपेअर डेपोत. खान्देशाला सगळ्यात जवळचा डेपो ओझरचा, ११ क्रमांकाचा.

आर्मामेंटचं काम कसं चालतं ते जवळून सांगतो. बॉम्ब विमानापाशी साठवत नाहीत. तो दूर, मातीच्या बांधामागच्या डेपोत असतो. तिथून तो ट्रॉलीवर, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने येतो. विमानाखाली आणल्यावर आधी बॉम्ब सोडणाऱ्या सर्किटमध्ये भलतीकडून वीज येत नाही ना हे मीटर लावून बघतात. येत नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढचा हात लागत नाही. मग बॉम्ब वर उचलून हुकात अडकवायचा, आजूबाजूचे आधार आवळायचे, तो हलत नाही हे हाताने बघायचं. प्रत्येक शस्त्रात सुरक्षेची पिन असते आणि पिनेला लाल पट्टी. एक जण काम करतो, दुसरा बघतो, आणि वरिष्ठ पुन्हा तपासून सही करतो. उड्डाणाआधी पिना काढल्या की त्या हातात धरून कॉकपिटमधल्या पायलटला दाखवायच्या; तो मोजतो आणि अंगठा दाखवतो. पिना जेवढ्या लावल्या तेवढ्याच हातात हव्यात. एक कमी असेल तर विमान हलत नाही.

अवजारांचंही तसंच. पेटीत प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हरला स्वतःच्या आकाराचा खाचा असतो. काम संपल्यावर एक खाचा रिकामा दिसला तर शोध सुरू होतो आणि ते अवजार सापडेपर्यंत विमान उडत नाही, मग मोहीम कितीही घाईची असो. शेवटी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या तयारीच्या नोंदवहीत, सगळ्या सेक्शनच्या सह्या, आणि पायलटची. त्या सहीने विमान अभियंत्यांच्या ताब्यातून पायलटच्या ताब्यात जातं.

पाठ्यपुस्तकात आकृती काढून ‘सीओ, फ्लाइट, सेक्शन’ असं लिहिता येईल. पण स्क्वॉड्रन उभी असते ती या सह्यांवर. एकाने आळस करून न बघता सही केली तर वर कितीही हुशार माणूस बसलेला असो, उपयोग नाही.

६. स्क्वॉड्रन लीडर हा स्क्वॉड्रनचा प्रमुख आणि विंग कमांडर हा विंगचा प्रमुख, बरोबर ना?

आज नाही. ही हुद्द्यांची जुनी नावं आहेत, पदं नव्हेत. स्क्वॉड्रन लीडर हा सैन्यातल्या मेजरच्या बरोबरीचा, विंग कमांडर लेफ्टनंट कर्नलच्या आणि ग्रुप कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. लढाऊ स्क्वॉड्रनचा सीओ ग्रुप कॅप्टन किंवा विंग कमांडर असतो. तळाचा प्रमुख एअर कमोडोर किंवा ग्रुप कॅप्टन. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

७. स्क्वॉड्रनच्या वर काय असतं? आपला भाग कोणत्या कमांडखाली येतो?

स्क्वॉड्रनच्या वर विंग, म्हणजे साधारण एका हवाई तळावरच्या स्क्वॉड्रन आणि त्यांना लागणारी तळाची यंत्रणा. त्याच्या वर कमांड. सगळ्यात वर दिल्लीतलं हवाई मुख्यालय आणि हवाई दल प्रमुख.

कमांड सात आहेत. पाच लढाईच्या: पश्चिम (दिल्ली), नैर्ऋत्य (गांधीनगर), मध्य (प्रयागराज), पूर्व (शिलाँग), दक्षिण (तिरुवनंतपुरम). दोन कामाच्या स्वरूपाच्या: प्रशिक्षण (बेंगळुरू) आणि मेंटेनन्स (नागपूर). पुण्याचा लोहगाव तळ गांधीनगरच्या कमांडखाली येतो. ओझरचा दुरुस्ती डेपो मात्र नागपूरच्या मेंटेनन्स कमांडचा. म्हणजे खान्देशाच्या एका बाजूला दुरुस्तीचा डेपो आणि दुसऱ्या बाजूला त्या डेपोचं मुख्यालय.

आपल्या रचनेत ‘बॉम्बर कमांड’ असं वेगळं काही नाही. ब्रिटनमध्ये होती, १९३६ पासून १९६८ पर्यंत. मग ती फायटर कमांडबरोबर एकत्र करून स्ट्राइक कमांड झाली. आपण लढाईच्या कमांड प्रदेशानुसार केल्या. त्या भागातला कमांडर फायटर, हल्ल्याची विमानं आणि रडार सगळं एकत्र वापरतो. भारतासारख्या दोन सीमा सांभाळणाऱ्या देशाला हेच योग्य होतं असं मला वाटतं.

८. अमेरिकेच्या पुस्तकात ग्रुप विंगच्या खाली दाखवलाय, दुसऱ्या पुस्तकात वर. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. ब्रिटिश परंपरेत चढता क्रम स्क्वॉड्रन, विंग, ग्रुप. अमेरिकेत स्क्वॉड्रन, ग्रुप, विंग. तुमच्या पुस्तकात कोणत्या देशाबद्दल लिहिलं आहे ते आधी बघा.

९. अमेरिकेची बॉम्बर युनिट्स कशी रचली आहेत?

बॉम्बरची सगळ्यात पूर्ण रचना तिथेच दिसते, म्हणून जरा सविस्तर.

१९४६ ते १९९२ पर्यंत त्यांचे बॉम्बर स्ट्रॅटेजिक एअर कमांडखाली होते. ती बरखास्त झाल्यावर बॉम्बर इतर विमानांबरोबर मिसळले. मधल्या काळात अण्वस्त्रांच्या हाताळणीत गंभीर चुका झाल्या: २००७ मध्ये अण्वस्त्र असलेली क्षेपणास्त्रं चुकून बी-५२ बॉम्बरखाली लावून एका तळावरून दुसऱ्या तळावर नेली गेली. त्यानंतर २००९ मध्ये ग्लोबल स्ट्राइक कमांड ही स्वतंत्र कमांड उभी केली, मुख्यालय लुइझियानातल्या बार्क्सडेलला. बॉम्बर युनिटला स्वतःचं वेगळं घर का लागतं, याचं उत्तर त्या चुकीत आहे. ज्या कामात एकही चूक चालत नाही, ते काम इतर दहा कामांत मिसळलं की शिस्त सैल पडते.

या कमांडखाली एट्थ एअर फोर्स बॉम्बर बघतं. त्याच्याखाली विंग: बी-५२ साठी बार्क्सडेलची २ आणि नॉर्थ डकोटातल्या मायनॉटची ५, बी-१ साठी टेक्सासमधल्या डायसची ७ आणि साउथ डकोटातल्या एल्सवर्थची २८, बी-२ साठी मिझुरीतल्या व्हाइटमनची ५०९. सगळे मिळून सुमारे १४० बॉम्बर: बी-५२ ७६, बी-१ साधारण ४५ आणि बी-२ साधारण २०. पुढचा बी-२१ हा १० नोव्हेंबर २०२३ ला पहिल्यांदा उडाला आणि आधी एल्सवर्थला येणार आहे.

एका विंगमध्ये चार ग्रुप असतात. उड्डाणाचा ग्रुप, ज्यात बॉम्ब स्क्वॉड्रन येतात. मेंटेनन्स ग्रुप, ज्यात विमान सांभाळणारे आणि शस्त्रसाठा सांभाळणारे वेगवेगळ्या स्क्वॉड्रनमध्ये. तळ चालवणारा ग्रुप: पहारा, बांधकाम, रसद. आणि वैद्यकीय ग्रुप. आपल्याकडच्यापेक्षा मोठा फरक असा की तिथे दुरुस्तीची माणसं उडणाऱ्या स्क्वॉड्रनमध्ये नसतात, त्यांचा ग्रुपच वेगळा असतो. आपल्याकडे रोजची दुरुस्ती करणारे सीओच्याच हाताखाली असतात (प्र. ५). दोन्हींचे फायदे आहेत. पण पायलट आणि मेकॅनिक एकाच स्क्वॉड्रनचा बिल्ला लावतात तेव्हा कामात जो जीव येतो, त्यासाठी मला आपली पद्धत आवडते.

१०. रशिया आणि चीनचं काय?

रशियाकडे बॉम्बर ‘लांब पल्ल्याची हवाई शाखा’ या नावाच्या वेगळ्या शाखेत आहेत. तिथे रेजिमेंट आणि तिच्यावर डिव्हिजन अशी रचना. व्होल्गाकाठच्या एंगेल्सला टीयू-१६० आणि टीयू-९५, अतिपूर्वेला उक्राइंकाला टीयू-९५, आणि टीयू-२२ एम३ च्या वेगळ्या रेजिमेंट. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवून नेलेले ड्रोन सोडून अशा तळांवर उभी असलेली विमानं जाळली. थोड्या तळांवर महागडी विमानं एकत्र ठेवण्याचा धोका जगाने त्या दिवशी पाहिला.

चीनचा एच-६ मूळ सोव्हिएत टीयू-१६ वरून आला, नंतर खूप बदलत गेला. चीनने फायटरच्या बऱ्याच रेजिमेंट मोडून ब्रिगेड केल्या, पण बॉम्बर मात्र मोठ्या प्रमाणात डिव्हिजनमध्येच ठेवले. नौदलाकडचे बॉम्बरही २०२३ मध्ये हवाई दलाकडे गेले.

११. विमान एका कमांडचं आणि हल्ल्याचा हुकूम दुसऱ्याच कमांडचा, असं कसं?

भुसावळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेचं इंजिन भुसावळ शेडचं असतं. त्याची देखभाल, त्याचे कागद, त्याचा जबाबदार माणूस भुसावळला. पण ते कोणत्या गाडीला लागेल आणि आज कुठे धावेल हे कंट्रोल ठरवतं. बॉम्बर युनिटचंही असंच आहे. एक साखळी युनिट उभी करते, शिकवते, सांभाळते. दुसरी साखळी ते युनिट लढाईत वापरते.

अमेरिकेत ग्लोबल स्ट्राइक कमांड बॉम्बर तयार ठेवते. अण्वस्त्रांच्या मोहिमेचा हुकूम नेब्रास्काच्या ऑफटवरून चालणाऱ्या स्ट्रॅटेजिक कमांडकडून येतो, आणि एखाद्या प्रदेशात साध्या बॉम्बचा हल्ला असेल तर त्या प्रदेशाच्या संयुक्त कमांडरकडून. २००४ पासून प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर बॉम्बर कायम ठेवण्याची पद्धत होती. २०२० मध्ये ती थांबवून थोड्या दिवसांसाठी वेगवेगळ्या देशांत बॉम्बर पाठवण्याची पद्धत आली. तेव्हा विंग घरीच राहते, तिची काही विमानं, क्रू आणि मेकॅनिक जातात.

१२. बॉम्बर एकटा जातो की ताफ्यात?

सहसा ताफ्यात. वाटेत इंधन देणारी टँकर विमानं, संरक्षणाला फायटर, शत्रूचं रडार आंधळं करणारी विमानं आणि आकाशातून सगळं बघणारं रडार-विमान. ही सगळी वेगवेगळ्या स्क्वॉड्रनची असतात आणि त्या एका मोहिमेपुरती एकत्र येतात. आपल्याकडे इंधनासाठी आयएल-७८ ची ७८ स्क्वॉड्रन आणि रडारसाठी ५० स्क्वॉड्रन, दोन्ही आग्र्याला.

ताजं उदाहरण २२ जून २०२५ चं. अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर सात बी-२ पाठवले. त्यांनी प्रत्येकी सुमारे १३,६०० किलोचे चौदा बॉम्ब टाकले. पेंटागॉनने सांगितलं की त्या मोहिमेत सव्वाशेहून जास्त विमानं होती, आणि दिशाभूल करायला आणखी काही बॉम्बर उलट्या दिशेला, प्रशांत महासागराकडे पाठवले होते. सात विमानांच्या हल्ल्यामागे सव्वाशे विमानं. ‘आपणही दोन-चार बॉम्बर घेऊन टाकावेत’ असं लिहिणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

१३. एका बॉम्बरमध्ये किती जण बसतात?

बी-५२ मध्ये पाच, बी-१ मध्ये चार, बी-२ मध्ये दोघे पायलट. टीयू-१६० आणि टीयू-२२ एम३ मध्ये चौघे. आपल्या कॅनबेरात प्रकारानुसार दोघे किंवा तिघे. सुखोई-३० मध्ये पुढे पायलट आणि मागे शस्त्रप्रणाली सांभाळणारा अधिकारी. यासाठी हवाई दलात २०२२ मध्ये वेपन सिस्टिम ही वेगळी शाखाच जाहीर झाली.

१४. स्क्वॉड्रन आहे पण विमानच नाही, असं असू शकतं का?

असतं, दोन प्रकारे.

पहिला प्रकार अमेरिकेतला. व्हाइटमनला १३१ क्रमांकाची बॉम्ब विंग आहे, मिझुरी राज्याच्या एअर नॅशनल गार्डची. तिच्याकडे स्वतःचे बी-२ नाहीत. तिचे पायलट आणि मेकॅनिक ५०९ विंगचीच विमानं उडवतात आणि सांभाळतात. उलट बार्क्सडेलची ३०७ ही राखीव दलाची विंग असून तिच्याकडे स्वतःच्या बी-५२ आहेत. म्हणून ‘राखीव म्हणजे विमान नाही’ असाही नियम नाही.

दुसरा प्रकार आपल्याकडचा. जुनी विमानं निवृत्त झाली आणि नवी आली नाहीत की स्क्वॉड्रन ‘नंबर-प्लेट’ करतात. माणसं दुसरीकडे जातात. क्रमांक, बोधचिन्ह आणि इतिहास जपून ठेवतात. नवी विमानं आली की तोच क्रमांक पुन्हा जिवंत होतो. अंबाल्याची १७ स्क्वॉड्रन २०१६ मध्ये नंबर-प्लेट झाली आणि राफेलसाठी २०१९ मध्ये पुन्हा उभी राहिली. तंजावूरची २२२ (प्र. २) हीसुद्धा अशीच परत आलेली आहे.

१५. २२२, २२४ असे क्रमांक आहेत म्हणजे आपल्याकडे दोनशेच्या वर स्क्वॉड्रन आहेत का?

नाही. क्रमांक ही मोजणी नव्हे. लढाऊ स्क्वॉड्रनची मंजूर संख्या ४२ आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली आणि प्रत्यक्षातली संख्या २९ वर आली. ही तूट मला काळजीची वाटते. विमान विकत घेता येतं, पण विखुरलेली स्क्वॉड्रन पुन्हा मुरायला वर्षं लागतात.

१६. अणुबॉम्ब टाकणारी स्क्वॉड्रन कोणती?

भारत सरकार हे जाहीर करत नाही आणि करूही नये. एवढं उघड आहे की अण्वस्त्रांचा निर्णय न्यूक्लिअर कमांड अथॉरिटीचा, तिच्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान, आणि अंमलबजावणी २००३ मध्ये स्थापन झालेल्या, तिन्ही दलांच्या स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडची. म्हणजे इथेही विमान सांभाळणारे आणि हुकूम देणारे वेगळे (प्र. ११). अमेरिकेत बी-५२ आणि बी-२ अण्वस्त्रं वाहू शकतात, बी-१ ची ती क्षमता मात्र करारानुसार काढून टाकली आहे. ‘मोठा बॉम्बर म्हणजे अणुबॉम्ब’ हे समीकरण त्यामुळे टिकत नाही.

१७. वरणगाव आणि भुसावळच्या फॅक्टरीत विमानाचे बॉम्ब बनतात का?

वरणगावची ओळख बंदुकांच्या गोळ्यांसाठी आहे. भुसावळच्या फॅक्टरीत दारूगोळ्याच्या पेट्या आणि पिनाका रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेट भरायचे सांगाडे, बनतात. पिनाका हे जमिनीवरून डागायचं, तोफखान्याचं शस्त्र आहे. विमानातून टाकायच्या बॉम्बचं काम जबलपूरच्या खमरिया फॅक्टरीत होतं. ऑक्टोबर २०२१ पासून या फॅक्टऱ्या वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेल्या: वरणगाव म्युनिशन्स इंडियात, भुसावळ यंत्र इंडियात. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची चूल या दोन फॅक्टऱ्यांवर पेटली आहे, आणि सैन्याच्या साखळीत त्यांचा वाटा कुठल्याही स्क्वॉड्रनइतकाच खरा आहे.

१८. आमच्या शेतावरून कानठळ्या बसवत विमान जातं. ते बॉम्बर असतं का?

बॉम्बर नाही, कारण आपल्याकडे ते नाहीतच (प्र. २). ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. सुखोई-३० तिथेच बांधली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ ए उडालं. चाचणी उड्डाणं आणि दुरुस्तीनंतरची उड्डाणं होत असतात. धुळ्याजवळ गोंदूरला दिसतात ती छोटी पंख्याची विमानं नागरी प्रशिक्षणाची. त्यांचा हवाई दलाशी संबंध नाही.

१९. भारताने टीयू-१६० घेतले, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

संरक्षण मंत्रालयाने असा कोणताही करार जाहीर केलेला नाही. पुढे पाठवू नका.

२०. अशा स्क्वॉड्रनमध्ये जायचं असेल तर कुठून सुरुवात करायची? मुलींना जाता येतं का?

उडायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ठेवून एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, किंवा पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा. मुलींना दोन्ही वाटा खुल्या आहेत. फायटर पायलट म्हणून पहिल्या तिघी २०१६ मध्ये अधिकारी झाल्या आणि एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. दहावीत असलेल्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. दोन्ही राज्य सरकारच्या आहेत, त्यामुळे खासगी क्लासच्या फीसाठी शेत गहाण टाकण्याआधी त्यांची चौकशी करा. पायलटसाठीची संगणकावरची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलट होण्याचा दरवाजा बंद होतो, म्हणून झोप आणि डोळे सांभाळून जा.

अग्निवीर वायू म्हणून गेलात तर विमान उडवायला मिळत नाही. विमान सांभाळायला मिळू शकतं, आणि चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवून घेतात. ‘पायलट नाही झालो तर काय उपयोग’ असं मला पुष्कळ मुलं लिहितात. त्यांनी प्र. ५ पुन्हा वाचावा.

२१. मामा हवाई तळावर आहेत. त्यांनी पाठवलेले विमानांचे फोटो स्टेटसला ठेवले तर चालतील का?

नाही, आणि मामांनाही पाठवू नका म्हणून सांगा. शेपटीवरचा नंबर, मागे दिसणारं शेड, ट्रॉलीवरचं शस्त्र, फोटोची वेळ, एवढ्यावरून कोणती स्क्वॉड्रन कुठे हलली ते कळतं. इथे दिलेली सगळी माहिती आधीच उघड असलेली आहे. सध्या कोणत्या तळावर किती विमानं उडण्याजोगी आहेत, असं विचारणाऱ्या पत्रांना मी उत्तर देत नाही, पाठवणारा ओळखीचा असला तरी.